मराठीतून पीएच.डी. करताना टिपणं ठेवायला आणि प्रबंध लिहायला कोणती सॉफ्टवेअर वापरावीत?

तुम्ही लिहिलंय की विषय इतिहासाचा आहे, प्रबंध मराठीत लिहायचाय, हाताशी विंडोजचा एक लॅपटॉप आहे आणि नोशन, ऑब्सिडियन, झोटेरो, लेटेक ही नावं ऐकून काही सुचेनासं झालंय. मी एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वृत्तपत्रांवर प्रबंध केला, गेल्या वर्षी सादर केला. त्यामुळे यातलं बरंचसं वापरून झालंय.

ॲप कुठलंही घ्या, पण टाइप कराल ते पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. माझी सुरुवातीची दोन वर्षांची टिपणं युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होती. संगणक बदलला, फाइल उघडली, तर पानंच्या पानं रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या फॉन्टांत रोमन अक्षराच्या जागी नुसतं देवनागरी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. कन्व्हर्टरने बराच मजकूर परत मिळाला, पण रफार आणि जोडाक्षरं जागोजागी बिघडलेली होती. ती मूळ पानांशी ताडून बघण्यात पंधरा दिवस गेले. विंडोज १० पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच मिळतो, इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड तर आधीपासून आहे. वेगळं काही विकत घ्यायला नको.

युनिकोडमध्येही मराठीपुरती एक खाच आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा नुक्त्याचा ऱ घेऊन, आणि एकदा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून, 'दुसर्‍या' असा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. 'शेतकऱ्यांचे' शोधलं की निम्मी टिपणं सापडतच नाहीत, आणि आपल्याला वाटतं आपण ते लिहिलंच नव्हतं. मी ऱ ठरवला आणि जुनं सगळं एकदाच बदलून घेतलं. तुम्हीही एक काय ते आत्ताच ठरवा.

आता झोटेरो, म्हणजे वाचलेल्या ग्रंथ-लेखांची नोंद ठेवून तळटिपा आणि संदर्भसूची तयार करून देणारं सॉफ्टवेअर. एकच सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणालात तर मी हेच सांगेन. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या केंद्राने २००६ मध्ये काढलं, म्हणजे आपल्यासारख्यांची गरज ओळखूनच. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. पीडीएफ त्यातच वाचायची, हव्या त्या ओळी रंगवायच्या, आणि त्या ओळी पृष्ठक्रमांकासकट टिपणात उतरतात. फाइलींसाठी त्यांच्या सर्व्हरवर फुकट जागा ३०० एमबीच मिळते, स्कॅन केलेल्या चार-दोन ग्रंथांत ती संपते. पण सगळं तुमच्या लॅपटॉपवरही असतंच. दर रविवारी झोटेरोचा आख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचा, एवढं पाळा.

मराठी नावांचं मात्र जपून. 'लोकहितवादी' हे टोपणनाव. नाव-आडनावाच्या दोन रकान्यांत ते बसत नाही. शेजारच्या बटणाने दोन्ही रकाने एक करता येतात, तसं करा. आणि संदर्भसूचीत लोकहितवादी घालायचं की देशमुख, गोपाळ हरि, हेही ठरवा, नाहीतर एकच माणूस सूचीत दोन ठिकाणी उगवतो. जुन्या अंकांवरची शके-मिती 'एक्स्ट्रा' नावाच्या रकान्यात ठेवा, तारखेच्या रकान्यात इसवी सन.

टिपणांसाठी मी ऑब्सिडियन निवडलं. नोशन देखणं आहे, पण मजकूर त्यांच्या सर्व्हरवर राहतो, आणि जुन्या ग्रंथालयांच्या वाचनकक्षात नेटवर्कचा भरवसा नसतो. ऑब्सिडियनमधली टिपणं म्हणजे तुमच्याच डिस्कवरच्या साध्या टेक्स्ट फाइली. उद्या ॲप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील.

ॲपपेक्षा टिपणाची ठेवण महत्त्वाची, म्हणून माझी सांगते. पहिल्या ओळीत वृत्तपत्राचं नाव आणि अंकाची तारीख. दुसऱ्या ओळीत पान आणि स्तंभ. मग अवतरण, मूळ शुद्धलेखनासकट, अवतरणचिन्हांत. मग एक आडवी रेघ. रेघेखाली माझं म्हणणं. ती रेघ कधीही गाळू नका. तीन वर्षांनी टिपण उघडल्यावर हे वाक्य संपादकाचं की माझं, हे आठवत नाही, आणि इथूनच नकळत वाङ्मयचौर्य घडतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साधर्म्य दंडाविना सुटतं, पण दुसऱ्याचं एक वाक्य जरी आपल्या नावावर गेलं तरी मला ते सहन होत नाही.

दप्तरखान्यात मोबाइलने काढलेले फोटो असतील तर ट्रोपी बघा, झोटेरो काढणाऱ्या केंद्राचंच आहे. फोटोंचे गठ्ठे अंकानुसार लावता येतात.

प्रबंध वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये लिहा. लेटेक म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवणारी प्रणाली. तिच्यातही मराठी उत्तम येतं, झीलेटेक ही तिची युनिकोड समजणारी आवृत्ती वापरली तर. पण तिची खरी गरज गणिती सूत्रांना लागते, इतिहासात ती नाहीत, आणि तुमचे गाईड प्रकरणं वाचून समासात शेरे मारणार, ते वर्डच्या फाइलीत. त्यांना नवं काही शिकायला लावण्यात अर्थ नाही. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हीकडे देवनागरीचा फॉन्ट आणि आकार 'कॉम्प्लेक्स' लिपीच्या वेगळ्या रकान्यात ठरतो. आकार बदलूनही अक्षर हलत नसेल तर तिथे बघा. मजकुराची भाषा हिंदी नाही, मराठी ठेवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. प्रकरणांची शीर्षकं हेडिंग स्टाइलनेच द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

तळटिपा झोटेरोच्या प्लगइननेच (वर्ड-लिब्रेऑफिसमध्ये बसणाऱ्या त्याच्या जोडणीनेच) घाला, हाताने एकही नाही. झोटेरोत संदर्भांची भाषा इंग्रजी ठेवलेली असेल तर दोन लेखकांमध्ये 'आणि' ऐवजी 'अँड' येतो. तो लिहिता लिहिता दुरुस्त करू नका, पुढच्या रिफ्रेशला परत येतो. सगळं संपलं, गाईडनी होकार दिला, की फाइलीची प्रत काढायची, तिच्यात 'अनलिंक सायटेशन्स' दाबून झोटेरोशी असलेला दुवा तोडायचा आणि मग त्या प्रतीतच हाताने बदलायचं. मूळ फाइल तशीच राहू द्या. व्हायवानंतरच्या दुरुस्त्या तिच्यातच करायच्या असतात.

विद्यापीठाने कुठली संदर्भशैली सांगितली आहे ते लिहा, ती झोटेरोत कशी लावायची ते सांगते.