उच्चशिक्षित तरुणांनी राजकारणात सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आहे: वय 30, इंजिनिअरिंग आणि एमबीए, नोकरी पुण्यात, मतदार यादीत नाव गावाकडे. पुढची विधानसभा अपक्ष लढवली तर काही फरक पडेल का?

शिकलेल्या माणसाने फरक पडतो, पण या वाटेने नाही. विधानसभेचा अर्ज भरणं सोपं आहे: 10,000 रुपये अनामत, अपक्षाला दहा सूचक आणि प्रतिज्ञापत्र. अडतं ते पुढे. मतदारसंघात साधारण तीनशेहून जास्त मतदान केंद्रं असतात. प्रत्येक केंद्रावर पहाटेच्या अभिरूप (चाचणी) मतदानापासून यंत्र सील होईपर्यंत बसणारा आणि त्या यादीतली घरं ओळखणारा माणूस लागतो. पैसे देऊन माणूस बसवता येतो, पण त्याच्या शब्दावर कोणी घराबाहेर पडत नाही. बँकिंगमध्ये मोठं काम केलेल्या मीरा सन्याल 2009 मध्ये दक्षिण मुंबईत अपक्ष लढल्या आणि हरल्या. 2014 मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी दक्षिण बंगळुरूत राष्ट्रीय पक्षाचं तिकीट असूनही हरले.

तुमचं शिक्षण खरं उपयोगी पडतं ते कागद वाचायला, आणि गावपातळीवर कागद वाचणारी माणसं फार कमी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता. कोणत्या कामाला किती रक्कम धरली आणि किती खर्च पडला, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाच्या नावाने दिसतं. ते छापून घ्या आणि गटाराच्या जागेवर टेप घेऊन जा. लांबी-रुंदी जुळत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस.

मग ग्रामसभा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी आकडा. तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तिथे दहा-पंधरा माणसांत ठराव होऊन जातात. म्हणून तुमची तीस-चाळीस माणसं पहिल्याच सभेला आणा. बहुतेक तरुण इथेच चुकतात: उभं राहून जोरात बोलतात, व्हिडिओ काढतात, आणि इतिवृत्तात त्यांचं एक वाक्यही येत नाही. विषय आधी लेखी द्या, पोच घ्या, सभेनंतर इतिवृत्ताची नक्कल मागा. हे वर्षभर नेटाने केलं की गावातली माणसं आपापले अर्ज घेऊन तुमच्याकडे येऊ लागतात. केंद्रावर बसणारी माणसं याच ओळखीतून मिळतात. हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. झालेले, त्यांनी सुरुवात सरपंचपदापासूनच केली.

महापालिकेत, मुंबई सोडली तर, गणित वेगळं आहे. साधारण चार सदस्यांच्या प्रभागात पॅनेल चालतं, एकट्या अपक्षाची दमछाक होते. तिथे पक्षात जाणंच बरं, आणि जाताना पदाऐवजी एका केंद्राची मतदार यादी मागून घ्या.

शिकलेल्या लोकांनी हातातून घालवलेली आणखी एक जागा म्हणजे पदवीधर मतदारसंघ, जिथे फक्त पदवीधर मत देतात. विधान परिषदेच्या 78 पैकी 7 जागा पदवीधरांच्या. यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, जुनी नोंदणी चालत नाही. नमुना 18 भरावा लागतो, आणि 1 नोव्हेंबरच्या आधी किमान तीन वर्षं पदवी मिळालेली हवी. मतपत्रिकेवर पसंतीक्रम आकड्यात लिहायचा, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच. टिकमार्क केली, सही केली किंवा स्वतःचं पेन वापरलं की मत बाद, आणि अशी बाद मतं पदवीधरांचीच असतात! एका सोसायटीत पन्नास नोंदण्या करून हे समजावून सांगणं नोकरी सांभाळून जमतं.

उभं राहायचं असेल तर आधी अपात्रता तपासा: 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेल्या अपत्यामुळे दोनपेक्षा जास्त मुलं, ग्रामपंचायतीची थकबाकी, तिच्याशी कंत्राटात हितसंबंध. राखीव जागेसाठी जात वैधतेचं काम आजच सुरू करा. सरकारी नोकरी असेल तर राजीनामा लागेल. खासगी नोकरीत नेमणूकपत्रातल्या अटी वाचा.

तुमच्या बाबतीत पहिला निर्णय नावाचा. ग्रामपंचायत लढवायची तर नाव त्याच गावाच्या यादीत हवं, आणि दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. गावात महिन्यातून दोनदाही जाणं होणार नसेल तर नमुना 8 भरून नाव पुण्यात आणा आणि काम तिथल्या केंद्रापासून धरा.