‘पाणलोट क्षेत्र’ आणि ‘लाभक्षेत्र’ एकच का?

प्रश्न असा: पावसाळ्यात बातमी येते, “तानसा तलावाच्या पाणलोट क्षेत्रात मुसळधार”. पाणलोट म्हणजे पाण्याचा लोंढा, मग त्याचे क्षेत्र कसले? आणि काही ठिकाणी ‘लाभक्षेत्र’ लिहितात, ते तेच का?

तेच नाही, उलट आहे. ज्या जमिनीवर पडलेले पाणी उतरून धरणात येते ती जमीन म्हणजे पाणलोट क्षेत्र. धरणातले पाणी जिथे पोचते ते लाभक्षेत्र. “लाभक्षेत्रात दमदार पाऊस, धरण भरले” हे वाक्य म्हणूनच चुकते. लाभक्षेत्रात कितीही कोसळले तरी धरणाची पातळी बोटभरही वाढत नाही. मुंबईचेच पाहा. दादरला गुडघाभर पाणी साचले म्हणून शहराला पाणी देणारे वैतरणा धरण भरत नाही. त्यासाठी पाऊस त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांत पडावा लागतो.

शब्दातला ‘लोट’ धुळीच्या लोटातलाच, लोटणे या क्रियापदाशी नाते असलेला. पाणी ज्या उतारावरून लोटत येते तो पाणलोट. म्हणजे शब्दात पाण्याइतकाच उतारही आहे. नकाशावर तो आखायचा तर धरणाच्या भिंतीच्या एका टोकापासून निघा, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काटकोनात छेदत वर चढा, डोंगराच्या माथ्यामाथ्याने फिरून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला उतरा. आतले सगळे पाणलोट क्षेत्र. माथ्यावरची रेषा म्हणजे जलविभाजक. इंग्रजी ‘वॉटरशेड’ ब्रिटिश वापरात ही रेषा, अमेरिकी वापरात आतले क्षेत्र. भाषांतरात घोळ होतो तो इथे.

हिशेबही सोपा आहे. १ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर, अर्थात १ दशलक्ष लिटर. विहार तलावाचा पाणलोट सुमारे १९ चौरस किलोमीटर. तिथे १०० मिलिमीटर पडला आणि थेंब न थेंब तलावात आला, तरी १,९०० दशलक्ष लिटर होतात. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पुरवावे लागतात! शिवाय जूनमधला बराच पाऊस तहानलेली जमीनच पिते. ती भिजल्यावर जे वाहते त्याला अभियंते ‘अपधाव’ म्हणतात. पाऊस पडूनही सुरुवातीला पातळी हलत नाही ती त्यामुळे.

‘पाणलोट विकास’ हा शब्दप्रयोग मात्र शेतीकडचा: समतल चर, दगडी बांध, नालाबांध, माथ्यापासून पायथ्याकडे. शहराच्या पिण्याच्या पाण्याबाबत ‘पाणलोट राखणे’ हेच क्रियापद मला नेमके वाटते. विहार-तुळशीभोवती राष्ट्रीय उद्यान आहे, तानसाभोवती अभयारण्य. झाडोरा गेला की माती गाळ होऊन तलावात बसते आणि साठा घटतो. वस्ती आली की सांडपाणी त्याच उताराने खाली येते. पवई तलावही पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला होता. आज त्याच्या पाणलोटात इमारती आहेत आणि पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत.

आणखी एक उपयुक्त शब्द ‘मुक्त पाणलोट’. एका नदीवर वर-खाली धरणे असली, जशी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, की वरच्या धरणाने न अडवलेला, मधल्या पट्ट्याचा पाणलोट तो मुक्त. वरचे दरवाजे बंद असूनही खाली पूर येतो तो याच पट्ट्यातल्या पावसाने.

आणि लिहिताना ण सांभाळा: पाणवठा, पाणथळ, पाणपोई, तसाच पाणलोट. ‘पानलोट’ लिहिले की पाण्याऐवजी झाडाची पाने लोटतात.