एका नारिंगी बटू ताऱ्याचे कुटुंब : प्रश्नोत्तरे

एप्सिलॉन इंडी हा नारिंगी बटू, म्हणजे सूर्याहून लहान व थंड, तारा आपल्यापासून ११.९ प्रकाशवर्षे दूर आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील वाचकांनी त्याविषयी पाठविलेल्या काही प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : हा तारा आपल्या भागातून दिसतो का? (कराड)

दिसतो, परंतु दक्षिण क्षितिजापासून फार वर येत नाही. त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, दक्षिण ५७ अंशांच्या आसपास असल्यामुळे साताऱ्याहून त्याची सर्वाधिक उंची साडेपंधरा अंश भरते. सांगलीकरांना सुमारे एक अंश अधिक मिळतो, शिवाय कृष्णाकाठचे सपाट क्षितिजही लाभते. ऑगस्टअखेर तो मध्यरात्री सर्वांत उंच असतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेले असते. म्हणून नोव्हेंबरचा पहिला आठवडा आणि रात्री साडेसात ते आठची वेळ साधावी. दक्षिणेस बगळा या तारकासमूहातील अल्नायर हा ठळक तारा शोधून हात लांब करावा आणि मूठ त्याच्या खाली धरावी. मुठीच्या खालच्या कडेजवळ हा तारा सापडेल. त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) ४.७ असली तरी क्षितिजालगतच्या जाड हवेमुळे तो आणखी मंद भासतो, म्हणून द्विनेत्री जवळ असू द्यावी. अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याच्या पेठांतून पाहिल्यास किल्लाच आड येण्याचा संभव आहे, आणि शिवारात उसाचे पाचट पेटविलेले असेल तर त्या रात्री प्रयत्न न केलेला बरा.

प्रश्न : तो सूर्यापेक्षा किती मंद आहे? (वाई)

वस्तुमान सूर्याच्या सुमारे तीन चतुर्थांश, पण तेजस्विता जेमतेम एक पंचमांश. वस्तुमान थोडे घटले तरी गाभ्यातील हायड्रोजनचे ज्वलन पुष्कळ मंदावते. पृष्ठभाग सुमारे ४३०० अंश सेल्सियस, म्हणून रंग नारिंगी. आणि इंधन बेताने खर्च होत असल्यामुळे आयुष्य सूर्याहून बरेच दीर्घ.

प्रश्न : त्याच्याभोवती आणखी दोन तारे आहेत, हे खरे का? (मिरज)

त्यांना तारे म्हणता येणार नाही. २००३ मध्ये या ताऱ्याचा एक तपकिरी बटू (ग्रहाहून जड, पण ताऱ्याहून हलका पिंड) सोबती उजेडात आला आणि त्याच वर्षी तो एक नसून जोडी असल्याचे आढळले. अलीकडच्या मोजमापानुसार त्यांची वस्तुमाने गुरूच्या सुमारे ६७ व ५३ पट आहेत. हायड्रोजनचे ज्वलन टिकून राहण्यासाठी गुरूच्या पंचाहत्तर ते ऐंशी पट वस्तुमान लागते, त्यामुळे हे दोघे जन्मापासून केवळ निवत आले आहेत. थोरला आज सुमारे १००० अंश सेल्सियसवर, तर धाकटा ६०० अंशांवर आहे. एकमेकांभोवतीची फेरी ते सुमारे अकरा वर्षांत पुरी करतात. मुख्य ताऱ्यापासून ही जोडी पृथ्वी–सूर्य अंतराच्या सुमारे १४६० पट दूर असून आकाशात हे अंतर चंद्रबिंबाच्या जवळजवळ पाव भागाइतके भरते. म्हणजे ही जोडी दिसण्यातली अडचण जवळिकीची नाहीच. ती प्रकाशाची आहे, कारण त्यांचे बहुतेक प्रारण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, आहे.

प्रश्न : जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेला ग्रह खरोखर दिसला, की गणिताने काढला? (विटा)

दोन्ही. ग्रहाच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या डोलण्यावरून असा ग्रह असल्याचे अनुमान आधीच निघाले होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिमेत तो प्रत्यक्ष आढळला, मात्र अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी, आणि त्याचे वस्तुमानही आधीच्या अंदाजांच्या जवळपास दुप्पट, म्हणजे गुरूच्या सहापटीहून थोडे अधिक निघाले. माझ्या मते या शोधातील सर्वांत लक्षणीय भाग त्याचे तापमान होय. नेपच्यून सूर्यापासून आहे जवळजवळ तितक्याच अंतरावर राहून आणि मंद ताऱ्याची तुटपुंजी ऊब मिळूनही हा ग्रह सुमारे २ अंश सेल्सियसवर आहे, कारण घडताना आकुंचनातून साठलेली उष्णता त्याने अद्याप गमावलेली नाही. ताऱ्याचा प्रकाश झाकून मध्य-अवरक्त तरंगलांबीत पाहिल्यामुळेच ही ऊब टिपता आली. कमी तरंगलांबीत मात्र तो अपेक्षेहून मंद ठरतो. वातावरणातील मिथेन व कार्बनची ऑक्साइडे किंवा ढग, यांपैकी काहीतरी तो प्रकाश अडवीत असावे.

प्रश्न : शाळेतील लहान दुर्बिणीने विद्यार्थ्यांना यातले काय करता येईल? (तासगाव)

सोबती दिसणार नाहीत, परंतु ताऱ्याची गती मोजता येईल. तो दरवर्षी सुमारे ४.७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांत इतकी निजगती, म्हणजे आकाशातील स्वतःचे सरकणे, क्वचितच आढळते, आणि तपकिरी जोडी त्याचीच सोबती असल्याचे याच समान गतीवरून ओळखू आले. त्याच दुर्बिणीतून, त्याच महिन्यात, पाच वर्षांच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यावीत आणि शेजारचे अंधूक तारे संदर्भासाठी धरावेत. तेवीस विकलांचा फरक साध्या मोजमापातही हाती लागेल.