वन बीएचके फ्लॅटच्या छोट्या हॉलसाठी आरामदायी सोफा कसा निवडावा? घरात सासूबाईंना गुडघेदुखी आहे.

गुडघे दुखत असतील तर आधी बैठकीची उंची बघा, कापडाचा रंग नंतर. जमिनीपासून साधारण १७-१८ इंच हवी. बसल्यावर पावलं सपाट टेकली पाहिजेत. बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचं अंतर, २०-२२ इंच पुरे. हल्लीचे ऐसपैस, खोल सोफे दिसायला झकास, पण त्यात रुतलेल्या माणसाला उठवायला दुसरा माणूस लागतो! हात टेकून उठता येईल असे भक्कम हातही हवेत.

फोमची डेन्सिटी (घनता, किलो प्रति घनमीटर) दुकानदाराला थेट विचारा. बैठकीला ३२ किंवा ४० घ्या, त्याहून हलका फोम लवकर दबून खाली बसतो. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, त्यामुळे दहा मिनिटं टेकून बसून बघाच, सासूबाईंनाही सोबत न्या.

छोट्या हॉलला थ्री-सीटर आणि एखादी हलकी खुर्ची बास. एल-शेप मी तरी टाळेन, एक कोपरा कायमचा अडतो. पाय उंच असलेला घेतलात तर खालून झाडू फिरतो.

आणि लिफ्ट, जिना, दार मोजूनच ऑर्डर द्या. आमचा सोफा चौथ्या मजल्यावर दोरखंडाने गॅलरीतून चढवावा लागला होता, सगळी सोसायटी खाली उभी राहून सूचना देत होती.