डेंग्यूच्या तापातून निघालेला करिअरचा प्रश्न

साखळीहून एका आईने लिहिलंय: 'मुलगी बारावी सायन्सला आहे. पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले की ताप विषाणू नाही, शरीरच चढवतं. तेव्हापासून पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, हेच वाचत बसते. नीटचा क्लास सोडते म्हणते. याचं शिक्षण गोव्यात मिळतं का? पुढे पोट भरेल का?'

ताई, डॉक्टर बोलले ते खरंच आहे. विषाणूचा सुगावा लागला की मॅक्रोफेजसारख्या रोगाशी लढणाऱ्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ ही छोटी प्रथिनं सोडतात. रक्तातून ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचली की तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि ताप चढतो. तुम्ही दिलेल्या पॅरासिटामोलने ते प्रोस्टाग्लँडिन कमी केलं. विषाणूला हातही लावला नाही. या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. ती कुठेही पोचली तरी ज्या पेशीवर त्यांचा रिसेप्टर, म्हणजे त्यांना पकडणारं प्रथिन, असतो, तीच प्रतिसाद देते. म्हणून औषधं तिथेच घाव घालतात. संधिवातावरचं टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६चा रिसेप्टर अडवतं; कोविडच्या गंभीर रुग्णांना तेच दिलं गेलं. तेव्हा मुलगी काही हवेतलं वाचत नाहीये.

पण बारावीनंतर लगेच इम्युनॉलॉजीची, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकाराच्या शास्त्राची, पदवी शोधू नका. हा विषय खरा रंगतो एमएस्सी-पीएचडीला. आधी बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी करावी, ती पणजी, म्हापसा, मडगावात होते. मग ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहेच. पुण्याची आयसर ही केंद्र सरकारची विज्ञानसंस्था जमली तर उत्तमच. पैशांचं स्पष्ट सांगते: नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती, मिळाली तर पीएचडीला सुरुवातीला महिना ३७,००० रुपये फेलोशिप असते, पण बरी नोकरी लागेतो तिशी उजाडते. मधेच थांबावं लागलं तर वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलचं काम मिळू शकतं. ते इम्युनॉलॉजी नव्हे, पण पगार आहे.

नीट मात्र आत्ता सोडू देऊ नका. अभ्यास बराचसा तोच, आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमधून एमबीबीएस करूनही या विषयाकडे वळता येतं.

काही ठरवण्याआधी तिने एलायझा, म्हणजे अशी प्रथिनं मोजायची प्रयोगशाळेतली चाचणी, होताना एकदा बघावी. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते. प्रत्येक खळग्यात पिपेटने थेंब सोडायचा, धुवायचं, पुन्हा सोडायचा. शेवटी निळा रंग येतो, ॲसिड घातलं की पिवळा होतो; पिवळा जितका गडद, तितकं सायटोकाइन जास्त. एक खळगा चुकला की तो आकडा गेला. वाचायला आवडणं वेगळं आणि दिवसभर हे करणं वेगळं. ओळखीच्या प्राध्यापकांना विचारून मे महिन्यात आठवडाभर कॉलेजच्या लॅबमध्ये बसवा.

एक राहिलंच. आयसरच्या प्रवेश परीक्षेत ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात. नीटसाठी म्हणून पुष्कळ मुलं अकरावीलाच गणित सोडतात. तिने ठेवलंय की सोडलंय, ते कळवा. मग आयसरचं बघू.