नववीतल्या लेकराला काय व्हायचंय तेच सांगता येत नाही

सेलू तालुक्यातले एक शेतकरी नववीतल्या मुलीला करिअर मार्गदर्शनासाठी माझ्याकडे घेऊन आले. "मॅडम, काय व्हायचंय विचारलं की 'मला काय माहीत' म्हणते. भावकीतली पोरं लातूरला नीटच्या क्लासला चाललीत. हिची कल चाचणी करा अन् काय ते एकदाचं सांगून टाका."

ही काळजी घेऊन येणारे आईवडील पुष्कळ असतात. मी लगेच चाचणी घेतली नाही. आवड कशात आहे ते तपासणाऱ्या अशा बऱ्याच चाचण्या मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी मांडलेल्या आवडीनिवडीच्या सहा प्रकारांवर बेतलेल्या असतात. यंत्रावर काम करायला आवडेल का, मोजमाप करायला आवडेल का, असं त्यात विचारतात. जे काम कधी हातात घेतलंच नाही, त्यापुढे लेकरू खूण करणार ती कशाच्या जोरावर? करिअर कसं घडतं याचा अभ्यास करणाऱ्या डोनाल्ड सुपर यांनी तर चौदा-पंधरा वर्षांपासून चोविशीपर्यंतचा काळ शोधाचाच मानला. नववीत "माहीत नाही" म्हणणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं.

मला लागलं ते तिचं दुसरंच बोलणं. "माझं गणित कच्चंय. गणित लागतं ते सगळं मी सोडूनच दिलंय."

लेंट, ब्राऊन आणि हॅकेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलेला करिअर निवडीचा सिद्धांत सांगतो की, जे आपल्याला जमेल असं वाटतं त्यातच आवड रुजते. हा भरवसा कशाने येतो, ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी आधीच सांगून ठेवलंय. सगळ्यात जास्त येतो स्वतः करून पाहिल्याने. शिवाय आपल्यासारख्या कुणाला करताना पाहून, विश्वासातल्या माणसाने धीर दिल्याने आणि मनावरचा ताण उतरल्यानेही येतो. यातलं बहुतेक वर्गातच घडू शकतं. व्याख्यानाने किंवा तक्ते लावून ते होत नाही, हे मी शाळांना कळकळीने सांगते.

म्हणून तिच्या गणिताच्या सरांना भेटले. क्षेत्रफळाचा पाठ आम्ही दोघांनी मिळून नव्याने आखला. शाळेमागची वेडीवाकडी मोकळी जागा घेतली. मुलांनी चुन्याने तिचे त्रिकोण पाडायचे, टेपने पाया आणि उंची मोजायची, मग एकूण गुंठे काढायचे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. हे घरी सगळ्यांच्या कानावरून गेलेलं. गुण नाहीत, चुकलं तर पुन्हा मोजायचं. त्याच शाळेत शिकलेली एक भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणी करणारी, ताई मदतीला आली.

एका गटाची उंची दर वेळी वेगळी येत होती. ही मुलगी वाकून बघत राहिली आणि ओरडली, "सर, टेप तिरका धरलाय, काटकोनात नाहीये!" सरांनी तिथंच टेप तिच्या हातात दिला.

नंतर तिने ताईंना गाठून विचारलं, "तुम्हाला गणितात किती होते?" ताईंनी मार्क सांगितले, आणि सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड, हे रस्तेही सांगितले.

ती भूकरमापकच होईल, असं मी वडिलांना सांगितलेलं नाही. गणित सोडायचं तिने थांबवलंय, सध्या एवढं पुरे. सर आता विज्ञानाच्या बाईंना घेऊन माती परीक्षणाचा पाठ याच पद्धतीने बसवतायत. कल चाचणी दहावीच्या परीक्षेनंतर घ्यायची, असं वडिलांशी ठरलंय.