गोठ्यात टीबीची टेस्ट करावी का?

प्रश्न : आमची एक गाय सारखी खोकतेय, वाळत चाललीय. डॉक्टर टीबीची टेस्ट करू म्हणतात. पॉझिटिव्ह आली तर मारावी लागेल का हो?

उत्तर : दादा, टेस्ट कराच, आणि एकीचीच नको, सगळ्या गोठ्याची करा. मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिनचं (टीबीच्या जंतूंपासून काढलेल्या प्रथिनाचं) इंजेक्शन देतात, ७२ तासांनी डॉक्टर परत येऊन कातडीची जाडी मोजतात, ४ मिमी किंवा जास्त वाढली की पॉझिटिव्ह. ब्रिटनमध्ये अशी जनावरं सरळ कापतात, पण महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय कापायला बंदी आहे, त्यामुळे तिला लांब वेगळं बांधायचं, चारा-पाणी वेगळं, दूध डेअरीला अजिबात घालायचं नाही, वासरालाही पाजायचं नाही. आणि कृपा करून बाजारात विकू नका तिला, दुसऱ्याचा गोठा बुडेल. बाकीच्यांचं दूध उकळूनच प्या. घरात कुणाला जुना खोकला असेल तर त्यांचीही तपासणी करा, माणसाकडूनही गायीला टीबी लागू शकतो.